घराण्यातून चालणारा विस्मृतिरोग

आपल्या गोंदियाकडे रक्तातून येणारा आजार म्हटला की पहिले नाव निघते ते सिकलसेलचे. त्याचा हिशेब असा की, आईबाप दोघेही वाहक असले तरच अपत्याला तो रोग होण्याचा संभव, आणि तोही चारांत एक. अल्झायमरचा हिशेब अगदी निराळा आहे.

डॉ. अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या बाईची हकीकत मांडली, ती १९०१ साली इस्पितळात आली तेव्हा अवघी एक्कावन वर्षांची होती. पण असा ऐन उमेदीत येणारा आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारा प्रकार शंभर रुग्णांत एकालाही क्वचितच असतो. तो जिथे असतो तिथे मात्र एकाच पालकाकडून आलेला दोष पुरतो. मुलगा असो वा मुलगी, संभव निम्मा.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात अँटिओकिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या एका विस्तीर्ण गोतावळ्यात पंचेचाळिशीच्या आसपासच माणसे विसरू लागतात. गावकरी त्याला ‘बावळेपण’ म्हणत, कोणी शापही म्हणत. डॉ. फ्रान्सिस्को लोपेरा यांनी वर्षानुवर्षे त्या घरांच्या वंशावळी जुळवल्या, तेव्हा प्रिसेनिलिन-१ या जनुकातला दोष हाती लागला. मग हा दोष मातीचा, पाण्याचा? नव्हे. १७६० च्या दशकात जर्मनीतून व्होल्गाकाठी गेलेल्या कुटुंबांचे वंशज पुढे अमेरिकेत पांगले. पाणी दोनदा बदलले, दोष बदलला नाही. तो प्रिसेनिलिन-२ मधला, १९९५ साली सापडला.

आपल्या देशात हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांत वृद्धांची पाहणी झाली, तीत या रोगाचे प्रमाण जगातल्या अत्यंत कमी प्रमाणांपैकी निघाले. धोका वाढवणारे एपीओई-४ हे जनुकही तिथे कमी आढळले. ते जनुक असले म्हणजे रोग होतोच, असेही नाही.

हे सारे सांगायचे कारण आमच्या विडी कामगार बाया. हजाराची मोजदाद चुकू लागली, विड्या छाटीत निघू लागल्या की आधी मजुरी कापली जाते. मग ‘घराण्यातच वेड आहे’ अशी कुजबुज, आणि नातीची सोयरीक मोडते! आजीला पंचाहत्तरीत आलेल्या विसराने नातीचे कपाळ लिहिले जात नाही. सोयरीक मोडणाऱ्यांनी निदान एवढे विचारावे: किती जणांना, आणि कोणत्या वयात? शिवाय थायरॉइड बिघडला किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी माणूस विसरतो, आणि तो विसर औषधाने बरा होऊ शकतो. ती तपासणी साध्या रक्तावर होते.