शाईचे सावकार (भाग ४) : ऐंशीचे चाळीस

१८३६ साली पॅरिसच्या बऱ्यापैकी दैनिकाची वार्षिक वर्गणी ८० फ्रँक होती. साध्या कामगाराची जवळजवळ महिन्याभराची कमाई. सुटा अंक विकत घ्यायची पद्धत नव्हती. पैसे आगाऊ भरायचे, मग अंक घरी येणार. त्यामुळे पेपर घरी येणं ही ऐपतीची खूण होती. बाकीचे लोक कॅफेत किंवा पैसे देऊन वाचनगृहात बसून वाचत.

त्या वर्षी १ जुलैला एमिल द जिरार्दांने ‘ला प्रेस’ हे दैनिक काढलं आणि वर्गणी ठेवली ४० फ्रँक. गंमत म्हणजे त्याच दिवशी, त्याच किमतीत ‘ल सिएक्ल’ही बाजारात आलं. ते काढणारा आर्मां द्युताक हा आधी जिरार्दांचाच सोबती, नंतर बिनसलं म्हणून वेगळा झालेला.

चाळीस फ्रँकांत कागद, छपाई, सरकारी मुद्रांक आणि टपाल यांचा मेळ बसत नाही, हे जिरार्दांला पक्कं ठाऊक होतं. त्याचा हिशेब वेगळा होता. स्वस्त पडतो म्हणून वर्गणीदार वाढतील, वर्गणीदार वाढले की जाहिरातीची जागा महाग विकता येईल आणि अंकावरचा तोटा तिथून भरून निघेल. आज हे गणित कुणालाही सांगावं लागत नाही. पण तेव्हाचा पेपर पक्षाचा असे. वर्गणी भरणं म्हणजे आपण कुठल्या बाजूचे ते जाहीर करणं. जाहिरातदाराला मात्र राजेशाहीवाला काय नि प्रजासत्ताकवाला काय, दोघंही गिऱ्हाईकच. पेपराने एका पक्षाची कास धरली तर अर्धं गिऱ्हाईक दारातच अडतं. म्हणून ‘ला प्रेस’ने कुठल्याच पक्षाला स्वतःला बांधून घेतलं नाही. याला कुणी उदारपणा म्हणेल. मला तरी त्यात आधी वहीखातं दिसतं.

हा माणूस आला कुठून? एका सेनाधिकाऱ्याचा अनौरस मुलगा. जन्माच्या नोंदीत आडनाव भलतंच लावलेलं. मोठा झाल्यावर त्याने बापाचं आडनाव स्वतःहूनच लावायला घेतलं. १८२८ मध्ये त्याने एक साप्ताहिक काढलं. दुसऱ्यांच्या अंकांतला मजकूर उचलून त्यात छापायचा. नाव काय ठेवावं? ‘ल व्होलर’, म्हणजे ‘चोर’. टीका करणाऱ्याला बोलायला जागाच ठेवली नाही! १८३१ मध्ये उपयुक्त माहितीचं एक मासिक काढलं, वर्षाला फक्त ४ फ्रँक, आणि वर्गणीदार लाखाच्या वर गेले. ‘ला प्रेस’ची रंगीत तालीम ती हीच.

जुन्या पेपरवाल्यांना हे मानवणं शक्य नव्हतं. जिरार्दां दुकानदार आहे, पत्रकारितेचा बाजार मांडतोय, अशी झोड उठली. वाद कोर्टापर्यंत गेला आणि त्यात ‘ल नासिओनाल’चा संपादक आर्मां कारेल ओढला गेला. कारेल प्रजासत्ताकवाद्यांचा लाडका, सचोटीचा म्हणून विरोधकांनीही मानलेला. मध्यस्थी फसली. पेपर सुरू होऊन तीन आठवडेच झाले होते. २२ जुलैच्या सकाळी पॅरिसच्या पूर्वेला व्हँसेनच्या रानात दोघे पिस्तुलं घेऊन समोरासमोर उभे राहिले. जिरार्दांच्या मांडीत गोळी घुसली, कारेलच्या पोटात. २४ तारखेला कारेल गेला. जिरार्दां पुढे कधीही द्वंद्वाला उभा राहिला नाही. बारा वर्षांनी, १८४८ च्या क्रांतीनंतर कारेलच्या कबरीपाशी सभा झाली, तिथे जाऊन त्याने द्वंद्वयुद्धावर बंदी घाला अशी मागणी केली. त्या सभेला जायला किती धैर्य लागलं असेल!

स्वस्ताईने वर्गणीदार येतो, पण टिकवायचा कसा? राजकारण बाजूला सारल्यावर रोज वाचायला द्यायचं काय? जिरार्दांची बायको देल्फिन गे स्वतः नावाजलेली कवयित्री. एका काल्पनिक व्हाइकाउंटच्या नावाने ती ‘पॅरिसचं पत्र’ लिहू लागली. शहरातल्या मेजवान्या, नाटकं, टोप्या, कुचाळक्या, सगळं त्यात. माझ्या मते त्या पेपरातलं सगळ्यात चांगलं लेखन तिचंच. आणि पानाच्या तळाशी आडवी रेघ ओढून राखलेली जागा असे, फ्रेंचमध्ये ‘फय्तों’. एरवी तिथे नाट्यपरीक्षण यायचं. १८३६ च्या ऑक्टोबरात तिथे बाल्झाकची ‘ला व्हियेय फीय’ ही कादंबरी रोज थोडी थोडी छापून येऊ लागली. ‘क्रमशः’ या शब्दावर आपण मराठी वाचक पिढ्यानपिढ्या चडफडत आलोय. फ्रेंच दैनिकांतलं ते चडफडणं इथून सुरू होतं.

पण बाल्झाकला हा साचा कधी नीट जमलाच नाही. त्याची वर्णनं लांबत, गोष्ट पुढे सरकेना. १८४४ च्या डिसेंबरात त्याची ‘ले पेझां’ सुरू झाली, वर्गणीदार कुरकुरू लागले. पहिला भाग उरकताच जिरार्दांने त्याच जागी अलेक्सांद्र द्युमाची ‘ला रेन मार्गो’ लावली. द्युमा प्रत्येक हप्ता नेमका दार उघडताना थांबवायचा. ‘ले पेझां’ बाल्झाकच्या हयातीत पुरी झालीच नाही. त्याच वर्षी जिरार्दांने शातोब्रियांच्या आत्मचरित्राचे हप्त्यांनी छापायचे हक्क ८० हजार फ्रँकांना घेतले होते. ते आपल्या मरणानंतरच ग्रंथरूपाने यावं अशी त्या म्हाताऱ्याची अट होती. पेपराच्या तळपट्टीत ते तुकड्यातुकड्यांनी येणार हे कळल्यावर तो संतापला, पण हक्क त्याच्या हातून केव्हाच गेले होते. जुलै १८४८ मध्ये तो वारला आणि ऑक्टोबरात पहिला हप्ता छापून आला.

राजकारणात जिरार्दां सगळीकडे होता आणि कुठेच नव्हता. फेब्रुवारी १८४८ मध्ये राजाने पायउतार व्हावं म्हणून थेट राजवाड्यात जाऊन त्याने गळ घातली. जूनमध्ये नव्या प्रजासत्ताकानेच त्याला कोठडीत टाकून पेपर बंद केला. मग लुई नेपोलियनला पाठिंबा, त्याने सत्ता बळकावल्यावर काही काळ देशाबाहेर.

१८५५ मध्ये देल्फिन गेली. पुढच्या वर्षी त्याने ‘ला प्रेस’मधला आपला वाटा विकून टाकला. घेणारा होता बोर्दोकडचा मोइझ मियो. चाळीस फ्रँकांची वर्गणीसुद्धा एकरकमी भरू न शकणारी लाखो माणसं देशात आहेत, हे त्याने हेरलं होतं. १८६३ मध्ये त्याने वर्गणीच्या भानगडीत न पडता पाच सांतीमला सुटा अंक विकायला काढला. तो कसा खपला आणि मियो तरीही कर्जात कसा बुडाला, ते पुढच्या आठवड्यात.

(क्रमशः)