परदेशी विद्यार्थी आपल्या घरी : यजमान होण्यापूर्वी काय माहीत हवे?

आपल्या मुलांनी परदेशात शिकायला जावे, हे स्वप्न आज आंबेडकरी घराघरांत आहे. पण परदेशातला एखादा विद्यार्थी आपल्या घरी येऊन राहू शकतो, हा विचार क्वचितच कोणाच्या मनात येतो. हे बंगलेवाल्यांचे, क्लबवाल्यांचे काम, असा समज आहे. तो खरा नाही.

हे चालते कसे?

शालेय वयाच्या मुलांची देवाणघेवाण करणाऱ्या संस्थांपैकी एएफएस आणि रोटरी ही दोन मोठी नावे. एएफएस मुळात पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांची संघटना. दोन महायुद्धे पाहिल्यावर, माणसे एकमेकांच्या घरात राहिली तर द्वेष कमी होईल, या विचाराने तिने १९४७ पासून विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली. येणारी मुले साधारण १५ ते १८ वयाची असतात. काही आठवड्यांपासून एका शैक्षणिक वर्षापर्यंत ती राहतात आणि इथल्याच शाळा-कॉलेजात शिकतात.

यजमान कुटुंबाने द्यायचे ते म्हणजे स्वतंत्र पलंग, अभ्यासाला जागा, रोजचे जेवण आणि माया. स्वतंत्र खोलीची सक्ती नसते. आपल्या त्याच वयाच्या मुला-मुलीसोबत (मुलगा मुलासोबत, मुलगी मुलीसोबत) खोली वाटून घेता येते. या कामाचा मोबदला मिळत नाही. मात्र प्रवास, विमा, हातखर्च यांचा भार यजमानांवर नसतो. रोटरीच्या कार्यक्रमात यजमान होण्यासाठी रोटरीचे सभासद असण्याचीही अट नाही.

कायदा काय सांगतो?

परदेशी नागरिक घरी उतरला की २४ तासांच्या आत त्याची ऑनलाइन नोंद करणे घरमालकावर बंधनकारक आहे. याला लोक 'सी फॉर्म' म्हणतात. हा नियम हॉटेलप्रमाणे साध्या घरालाही लागू आहे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांकडे असते. संस्था मदत करते, पण नोंद झाली की नाही हे आपण स्वतः पाहावे.

विद्यार्थी १८ वर्षांखालील असेल तर पोक्सो कायद्याचे संरक्षण त्यालाही आहे. त्यामुळे संस्थेची माणसे आधी घरी येऊन सर्वांशी बोलतात, चौकशी करतात. यात अपमान वाटून घेऊ नये. उलट अशी चौकशी न करणाऱ्या संस्थेपासून चार हात लांब राहावे.

घरात काय घडते?

पहिले काही आठवडे सोपे नसतात. तिखट सोसत नाही, घरची आठवण येते, पाहुण्यांची वर्दळ नकोशी होते. म्हणून घरी परतायची वेळ, मोबाईल, कपडे धुणे, एकटे बाहेर जाणे हे नियम पहिल्याच आठवड्यात स्पष्ट ठरवावेत. तो पाहुणा नाही, घरातला मुलगा आहे. आपली मुले ताट उचलतात तर त्यानेही उचलावे. पण तो फुकटचा इंग्रजी शिक्षक नाही आणि आपल्या मुलाच्या परदेशी प्रवेशाची शिडीही नाही. विहारात यायचे की नाही, हे त्याच्या इच्छेवर सोडावे. आग्रह करू नये.

आपण का पुढे यावे?

विद्यार्थी ज्या घरात राहतो, तोच त्याचा भारत होतो. ठरावीक वस्त्यांतलीच घरे यजमान होत राहिली, तर जात ही जुनी गोष्ट आहे, असेच ऐकून तो परत जाईल. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर कशासाठी, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो का, हे त्याला आपल्या घरात जेवता-जेवता कळेल. त्याचे प्रश्न सरळ येतील, म्हणून उत्तरेही सरळ द्यावीत. आपल्या तरुणांना त्यासाठी स्वतःचा इतिहास नीट सांगता यावा लागेल, हा आणखी एक फायदा.

बाबासाहेब स्वतः परदेशात विद्यार्थी होते. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे जे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये घेतले, तिथे ते १९२१-२२ मध्ये राहत होते. त्याआधी १९१७ मध्ये कोलंबियात शिकून बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा मात्र त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी धर्मशाळेतूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे लिहून ठेवले आहे. ज्या समाजाला घर नाकारले गेले, त्याने अनोळखी मुलासाठी दार उघडणे ही साधी गोष्ट नाही.

सुरुवात कुठून?

आपल्या शहरातील रोटरी क्लब किंवा एएफएस इंडियाकडे चौकशी करावी. लेखी नियम, स्थानिक समन्वयकाचा क्रमांक आणि अडचण आल्यास विद्यार्थ्याला दुसऱ्या घरी हलवण्याची पद्धत या तीन गोष्टी आधी मागाव्यात. वर्षभराची तयारी नसेल तर काही आठवड्यांच्या मुक्कामापासून सुरू करावे. निर्णय मात्र एकट्या वडिलांनी घेऊ नये. रोजचा भार ज्या आईवर पडणार आहे, तिचा होकार सर्वांत आधी.