रिले म्हणतोय ‘ब्रेकर ओपन’. विश्वास ठेवायचा का?

आजचा भाग सबस्टेशनमध्ये नव्याने लागलेल्यांसाठी आणि इलेक्ट्रिकल डिप्लोमा करणाऱ्यांसाठी. ऐकताना सेटिंगची नावं निसटतात, म्हणून ती इथे लिहून देतोय.

समजा, तुम्ही ट्रान्सफॉर्मरच्या पॅनलसमोर उभे आहात. रिलेच्या छोट्या स्क्रीनवर ओळ येते: ‘ब्रेकर 1 ओपन’. आता विचार करा, हे रिलेला कोणी सांगितलं? ब्रेकरने, की तुटलेल्या वायरने?

उदाहरण म्हणून एसईएल-387 हा ट्रान्सफॉर्मर डिफरेन्शियल रिले घेऊ. स्क्रीन दोन ओळींची, एका ओळीत 16 अक्षरं. मेसेज दाखवायला यात ‘डिस्प्ले पॉइंट’ असतात. प्रत्येकाला तीन गोष्टी सांगायच्या. डीपी1 म्हणजे कोणता सिग्नल बघायचा. डीपी1_1 म्हणजे सिग्नल असेल तर काय लिहायचं. आणि डीपी1_0 म्हणजे सिग्नल नसेल तर काय लिहायचं. मजकूर रिकामा ठेवला, तर त्या वेळी काहीच दिसत नाही.

सोपी पद्धत अशी: ब्रेकरचा 52ए कॉन्टॅक्ट आयएन101 या इनपुटला जोडायचा. ब्रेकर क्लोज असला की हा कॉन्टॅक्टही क्लोज. सिग्नल आहे, तर ‘क्लोज्ड’. नाही, तर ‘ओपन’. झालं काम!

पण थांबा. टर्मिनलवरची वायर सैल झाली किंवा इनपुटचा डीसी सप्लाय गेला, तर? सिग्नल गायब. स्क्रीन बिनधास्त ‘ओपन’ म्हणणार. इकडे ब्रेकर क्लोज आणि ट्रान्सफॉर्मर चार्ज!

म्हणून 52बी पण घ्या. हा उलटा, ब्रेकर ओपन असताना क्लोज होतो. तो आयएन102 ला जोडा आणि तीन पॉइंट करा:

• डीपी1 = आयएन101. डीपी1_1 मध्ये ‘ब्रेकर 1 क्लोज्ड’, डीपी1_0 रिकामा.
• डीपी2 = आयएन102. डीपी2_1 मध्ये ‘ब्रेकर 1 ओपन’, डीपी2_0 रिकामा.
• डीपी3 = दोन्ही इनपुट आहेत, किंवा दोन्ही नाहीत. डीपी3_1 मध्ये ‘चेक ब्रेकर 1’, डीपी3_0 रिकामा.

आता वायर तुटली तर स्क्रीन खोटं बोलत नाही, ‘बघून घ्या’ म्हणते. ब्रेकर हलताना तिसरा मेसेज क्षणभर येऊ शकतो, त्याला घाबरू नका.

आता स्विच. समोरच्या बटणांवरून चालणाऱ्या या स्विचना ‘लोकल बिट’ म्हणतात. प्रत्येकाला चार लेबलं असतात. एनएलबी म्हणजे स्विचचं नाव, सीएलबी म्हणजे ऑफची जागा, एसएलबी म्हणजे ऑनची, आणि पीएलबी म्हणजे क्षणभर दाबण्याची. हाताने ट्रिप देण्यासाठी एसएलबी रिकामं ठेवा. मग स्विच क्षणभर काम करून आपोआप परत येतो. ट्रिपसाठी कायम ‘ऑन’ राहणारा स्विच ठेवलात, तर कोणी तो परत फिरवायला विसरला की ट्रिप कमांड तशीच अडकून राहील.

इथे नवशिक्यांची एक चूक हमखास होते. लेबल लिहिलं, स्क्रीनवर ‘मॅन्युअल ट्रिप’ दिसलं, म्हणजे स्विच चालू झाला असं वाटतं. नाही! तो लोकल बिट, समजा एलबी3, ट्रिपच्या समीकरणात म्हणजे टीआर1 मध्ये लिहावाच लागतो. नाहीतर बटण दाबा, लेबल दिसेल, ब्रेकर जागचा हलणार नाही.

अजून एक. स्विचचाच बिट डिस्प्लेला देऊ नका. तसं केलं तर तुम्ही दिलेला हुकूम दिसतो, ब्रेकरने काय केलं ते दिसत नाही.

कमिशनिंगला एवढं कराच: परवानगी घेऊन, ट्रान्सफॉर्मर बंद असताना, एकेक इनपुटची वायर काढून बघा, स्क्रीन काय म्हणते ते.

आणि कितीही छान सेटिंग केलं, तरी स्क्रीन ही फक्त माहिती. काम सुरू करण्याआधी लाईन क्लिअर परमिट, आयसोलेटर डोळ्यांनी ओपन बघणं, व्होल्टेज तपासणं आणि अर्थिंग, यातलं काहीच सुटत नाही.

भेटू पुढच्या भागात!