खडू कुणाच्या हातात?

भोपाळच्या इंद्रपुरीत माझ्या आईकडे गणपतीला २१ मोदकांचा नैवेद्य असतो. मागच्या वर्षी माझी तीन भाचरं, चिकू, तन्वी आणि ओजस, मोदक वळायला बसली. मोजायला ओट्याशेजारी एकच पाटी. मोदक झाला की पाटीवरचा आकडा बघायचा, त्यात एक मिळवायचा, जुना पुसून नवा लिहायचा. सोप्पं!

शेवटी पाटीवर १८, ताटात २१. सगळ्यांनी चिकूकडे बघितलं. “मामा, सच्ची, मी एक पण नाही खाल्ला!” खरंच की. खाल्ला असता तर ताटात कमी भरले असते, इथे तर तीन जास्त!

झालं असं होतं. तन्वीने पाटीवर ७ बघितले, पण हात चिकट, म्हणून “आठ लिहायचे, आठ लिहायचे” घोकत ती नळाकडे गेली. तेवढ्यात चिकूनेही ७ बघितले आणि ८ लिहून मोकळा झाला. तन्वी परतली, वर न बघताच फडकं फिरवलं आणि पुन्हा ८! मोदक दोन, आकडा वाढला एकाने. असं तीनदा.

तुमच्या घरच्या मोबाइलच्या पोटातही अशी भाचरं असतात, बऱ्याच फोनमध्ये आठ. त्यांना कोअर म्हणतात. पाटी, म्हणजे मेमरी, सगळ्यांची एकच. मग घोटाळा कसा टाळतात? खडू एकच ठेवायचा. ज्याच्या हातात खडू, त्यानेच बघायचं, मिळवायचं, लिहायचं, आणि मगच खडू सोडायचा. बाकीचे थांबतील.

एडस्गर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात अशा थांबा-जा युक्तीला नाव दिलं सेमाफोर. हा शब्द रेल्वेचा. हात वर-खाली करणारे जुने सिग्नल असायचे ना, ते सेमाफोर!

आम्हीही एकच खडू ठेवून बघितला. चिकूने खडू पकडला, ओजसने फडकं. “आधी फडकं दे!” “आधी खडू दे!” दोघंही हटेनात. कॉम्प्युटरमध्येही असं होतं, त्याला डेडलॉक म्हणतात. बाहेरून दिसतं एवढंच की कॉम्प्युटर गप्प बसलाय. उपाय गमतीदार आहे: सगळ्यांनी आधी खडूच घ्यायचा, फडकं नंतर.

पण खडूसाठी रांग लागली की तिघं असून काम एकट्याच्या वेगाने! म्हणून काही ठिकाणी पाटीच वाटून टाकतात. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बनवला. त्यातल्या प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची मेमरी होती. दुसऱ्याकडचं काही हवं असलं तर निरोप पाठवायचा.

यंदा आजीने पाटी आतच ठेवली आणि प्रत्येकापुढे एकेक ताटली सरकवली. शेवटी तिने ताटल्या मोजल्या: आठ, सात, सहा. खडू एकदाच लागला.