स्मृति हरपलेल्या माणसासाठीं घर

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळलेली आहे कीं, घरांतील वडील मनुष्य विसरूं लागला म्हणजे प्रथम आपण हंसतों, मग चिडतों, आणि एके दिवशीं तो शेजारच्याच गल्लींत वाट चुकून तासभर सांपडेनासा झाला म्हणजे डॉक्टरांकडे धांव घेतों. वास्तविक हा वार्धक्याचा धर्म नव्हे; हा मेंदूचा रोग आहे. आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्यानें १९०६ सालीं त्याच्या मुख्य प्रकाराचें पहिलें वर्णन केलें व त्याचेंच नांव त्या प्रकाराला पडलें. मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडल्यानेंहि असेंच विस्मरण जडतें. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत येतो, पण तेथें तो क्रोधापासून उपजलेल्या मोहाचें फळ म्हणून येतो. या रोगांत रोग्याचा कांहीं दोष नसतो, एवढें घरांतील सर्वांनीं प्रथम मनाशीं पक्कें करावें. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीवरून आपल्या देशांत साठी उलटलेल्या सुमारें ८८ लाख माणसांना हा विकार असावा, असा अंदाज निघाला.

आजच्या भाषणाचा विषय मात्र रोग हा नसून घर हा आहे. घरीं सांभाळ करणें अशक्य झाल्यावर अशा माणसासाठीं लहानसें निवासगृह कसें निवडावें, याविषयीं मी बोलणार आहे. ‘आईला बाहेर ठेवलें’ हे शब्द आपल्या समाजांत अजून शिवीसारखे लागतात, हें मला ठाऊक आहे. परंतु रात्रीं दोन वाजतां दार उघडून जिना उतरूं पाहणाऱ्या सासूमागें जी सून दोन वर्षें सलग झोपलेली नाहीं, तिला बोल लावणाऱ्या नातलगांनीं एक आठवडा ती रात्रपाळी स्वतः करून पाहावी. हात अपुरे पडतात म्हणून ही वेळ पुष्कळ घरांवर येते. २००७ च्या कायद्यानें ज्येष्ठांना टाकून देणें हा गुन्हा ठरविला असून त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. परंतु योग्य स्थळीं ठेवून खर्च सोसणें व वरचेवर भेटीस जाणें याला टाकणें म्हणत नाहींत.

घर शोधूं लागण्यापूर्वीं तज्ज्ञाकडून एकवार संपूर्ण तपासणी करून घ्यावी. थायरॉइडचा दोष, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खोल उदासीनता, पडल्यामुळें डोक्यांत सांकळलेलें रक्त, यांपैकीं कोणतेंहि कारण स्मृतिभ्रंशाचें सोंग आणूं शकतें, आणि त्यांवर उपाय आहे. शाकाहारी कुटुंबांनीं ब-१२ ची तपासणी तरी चुकवूं नये.

आतां लहानच घर कां, हें सांगतों. नेहमींचे वृद्धाश्रम आपलें आपण आवरणाऱ्या माणसांसाठीं असतात आणि त्यांपैकीं पुष्कळांच्या नियमांतच या रुग्णांना प्रवेश नसतो. रुग्णालय हें आजार उतरेपर्यंत राहण्याचें ठिकाण. स्वीडनमध्यें गेल्या शतकाच्या नवव्या दशकापासून थोड्याशा रुग्णांनीं एका घरांत एकत्र राहण्याची पद्धत पडली. जपानांत अशा एका बिऱ्हाडांत नऊपेक्षां अधिक माणसें ठेवीत नाहींत. नेदरलँड्समध्यें वेस्प येथें २००९ सालीं उघडलेली होगेवेक ही वस्ती तर अशा सहा-सात जणांच्या बिऱ्हाडांचीच बनली आहे. यामागील तत्त्व सोपें आहे. या रोगांत नवी ओळख मनांत ठसत नाहीं, त्यामुळें चाळीस खाटांच्या दालनांत दररोजची सकाळ परक्यांत उजाडते. लहान घरांत नांवें लक्षांत राहिलीं नाहींत तरी तोच आवाज, तीच चाल, स्वयंपाकघरांतून येणारा तोच फोडणीचा वास यांची संवय अंगाला होते. घटना विसरली तरी तिनें दिलेली भीति किंवा समाधान मागें रेंगाळतें. आपल्याकडे पुणें, नाशिक, ठाणें अशा शहरांच्या कडेला जुने बंगले घेऊन दहा-बारा जणांची सोय केलेली आढळते तीं याच जातीचीं घरें. मात्र लहानपण हें कांहीं हमीपत्र नव्हे. चारच मावशा असलेल्या घरांत एक मावशी गांवाला गेली कीं चौथा हिस्सा घर ओस पडतें.

माझ्या थोरल्या भगिनीसाठीं, तिला आम्ही सर्व अक्का म्हणतों, आम्हीं पुण्याच्या परिसरांत अशीं सहा घरें पाहिलीं. सकाळीं अकरा वाजतां सहाहि घरें उत्तम होतीं. पडवींत खुर्च्या, अंगणांत तुळस, हातीं छापील पुस्तिका. सकाळीं अकरा वाजतां जगांतील कोणतेंहि निवासगृह चांगलेंच दिसतें! यांची खरी परीक्षा तिन्हीसांजेला होते. ऊन कलूं लागलें, सांवल्या लांबल्या, कीं या रुग्णांपैकीं अनेकांची बेचैनी वाढते. दिवसभराचा थकवा, मंद उजेडांत ओळखूं न येणाऱ्या वस्तू आणि मेंदूंतील घड्याळाचा बिघाड अशीं त्याचीं कारणें सांगतात. बायका म्हणतात मुलें शाळेंतून येतील, घरीं गेलें पाहिजे. पुरुष म्हणतात गाडी चुकेल. म्हणून आम्हीं दुसरी फेरी दिवेलागणीला केली, आणि सहांपैकीं चार घरें तेथेंच गळालीं.

एक घर संगमरवरी होतें. दूरदर्शन संच मोठ्यानें चालला होता व त्यापुढें ओळीनें बसविलेल्यांपैकीं एकाचेंहि तिकडे लक्ष नव्हतें. एक गृहस्थ फाटकाशीं येऊन ‘मला घरीं जायचें आहे’ म्हणाले. सेवक म्हणाला, ‘बाबा, हेंच तुमचें घर.’ तें दोनदां झालें. तिसऱ्या खेपेस त्यानें त्यांना खांद्याला धरून आंत लोटलें. दुसरें घर जुनें होतें, भिंतींचा गिलावा सुटलेला. तेथें एका वृद्धेनें हाच धोशा लावला, तेव्हां मावशी म्हणाली, ‘जाऊं या कीं काकू, एवढ्या वाती वळून घेऊं आणि निघूं.’ तिनें कापूस पुढें केला. दोघी वाती वळीत बसल्या, काकूंनीं मुलांविषयीं कांहीं सांगितलें, मावशीनें ऐकलें, आणि दहा मिनिटांत जाण्याची गोष्ट विरून गेली. मीं उभी हयात मुलांना खरें बोलावें म्हणून शिकविण्यांत घालविली. तरी त्या मावशीला खोटें बोलली असें मी म्हणणार नाहीं. ज्याचें ‘घर’ पन्नास वर्षांमागचें आहे त्याच्याशीं पत्त्यावरून वाद घालण्यांत कसलें सत्य आलें? जेथें वाद घालतात तें घर सोडावें, आणि जेथें सोबत करतात तेथें पुढची चौकशी करावी.

ही चौकशी बहुतांशीं माणसांची असावी. सर्वांत जुनी मावशी किती वर्षें येथें आहे? सेवक घरचे नेमलेले कीं ब्यूरोकडून दर महिन्याला नवे येतात? रात्रीं किती जण असतात, आणि त्यांतले जागे किती? कारण ‘रात्रीं दोघी असतात’ याचा अर्थ दोघी तेथें झोपतात असाहि निघतो. गणपतींत व दिवाळींत सेवकवर्ग आपापल्या गांवीं जातो तेव्हां मागें कोण उरतें, हा प्रश्न विचारल्यावर एका व्यवस्थापकांनीं माझ्याकडे थोडें निरखून पाहिलें, आणि मग खरें तें सांगितलें. खुद्द सेवकांशीं चालकांच्या अपरोक्ष दोन शब्द बोलावे. त्यांना पगार वेळेवर मिळतो कीं नाहीं हें त्यांच्या मुद्रेवरूनहि कळतें.

भाषेचा प्रश्न याच्याच पोटांतला. रोग वाढला कीं मागाहून शिकलेली भाषा आधीं निसटते व बालपणींची पुष्कळदां शेवटपर्यंत टिकते. ज्या अक्कानें तीस वर्षें इंग्रजी शिकविलें ती आज मालवणींत पाणी मागते. सेवेला दूरच्या प्रांतांतील कष्टाळू मुली असतात, त्यांच्या मायेंत उणें नसतें. पण दुखतें कोठें हें समजण्यापुरती तरी रुग्णाची बोली जाणणारें एक माणूस दर पाळीला हवें. तसेंच हांक मारण्याचें. जिला सगळा गांव ‘बाई’ म्हणत आला तिला ‘ए आजी’ म्हणून पुकारलें तर ती ओ देत नाहीं, आणि मग ती हट्टी आहे अशी नोंद होते.

औषधांविषयीं स्पष्ट विचारावें. आरडाओरडा करणाऱ्या रुग्णास गुंगी आणणारें औषध देऊन दिवसभर पडवून ठेवणें सेवकांना सोयीचें असतें. मनोविकारावरील या वर्गाच्या औषधांनीं स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक खात्यानें २००५ सालीं नव्या औषधांवर व २००८ सालीं जुन्यांवरहि छापावयास लाविला. प्रसंगीं तीं द्यावीं लागतात, नाहीं असें नाहीं. पण कोणाच्या लेखी सल्ल्यानें, किती दिवस, आणि बंद केव्हां करणार, हें नातलगांना कळलें पाहिजे. एकाएकीं दोन दिवसांत रुग्ण फार गोंधळला तर तें मूळ रोगाचें वाढणें नसून मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणें किंवा नवीन औषध यांचा परिणाम असूं शकतो. असा फरक तेथें कोण ओळखतें व कोणत्या डॉक्टरांना बोलावतें, हें विचारून ठेवावें. खुर्चीला बांधलेलें माणूस दिसलें तर दुसरें कांहीं न पाहतां परतावें.

इमारतीबद्दल फार बोलत नाहीं. चकाकणारी फरशी या डोळ्यांना ओली वाटते व दारापुढचें काळें पायपुसणें खड्डा वाटतें, म्हणून पाऊल अडखळतें. शौचकूप भिंतीहून निराळ्या रंगाचा असला, रात्रीं तिकडची वाट उजेडांत राहिली आणि फिरावयास बंदिस्त अंगण असलें, म्हणजे पुष्कळ झालें.

जेवणाच्या वेळीं मात्र अवश्य बसून घ्यावें. पांढऱ्या बशींत वाढलेला दहीभात या रुग्णांना नीट दिसत नाहीं. तोच रंगीत ताटलींत जातो. पुढें पुढें गिळण्याची क्रिया मंदावते. पातळ पाणी ठसक्यानें श्वासनलिकेंत उतरून न्युमोनिया होतो, तेव्हां दाटसर पेज बरी पडते. रुग्णाला ताठ बसवून, स्वतः समोर बसून, पहिला घांस उतरल्यावर दुसरा देणारी मावशी दिसली तर ती शंभर सोयींच्या बरोबरीची समजावी. उभ्यानें दोघांना आळीपाळीनें भरविणें चालू असलें, तर तें कां, हेंहि विचारावें. बहुधा उत्तर माणसें कमी असल्याचेंच येतें.

कागदपत्रांत दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली नोंदणीची. धर्मादाय आयुक्तांकडील न्यासाची नोंदणी निराळी आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखालील संस्थेची नोंदणी निराळी. त्या कायद्यांतील मानसिक आजाराच्या व्याख्येंत स्मृतीच्या गंभीर बिघाडाचा समावेश आहे, आणि एकांतकोंडीला त्यानें बंदी केली आहे. कोणती नोंदणी आहे, हें कागद पाहून ठरवावें. दुसरी पैशांची. अनामत परत केव्हां मिळणार, लंगोट, व्यायामोपचार, रुग्णवाहिका यांचे आकार निराळे कीं कसे, आणि रुग्ण अंथरुणाला खिळल्यावर ठेवणार कीं ‘घेऊन जा’ म्हणणार, हें लेखी घ्यावें. या शेवटच्या कलमावर गोड बोलणारीं घरें गप्प होतात. शिवाय रुग्णाच्या नांवच्या बँकखात्याचा विचार त्याची समज शाबूत असतांनाच करावा. साधें मुखत्यारपत्र, तें लिहून देणाऱ्याची समज गेल्यावर, कायद्यानें टिकत नाहीं, आणि मग पालक नेमून घेण्यासाठीं न्यायालयाची पायरी चढावी लागते.

घर ठरलें कीं दोन पानें लिहून द्यावीं: हांक मारण्याचें नांव, आंघोळ चहाच्या आधीं कीं नंतर, कोणते उपास, चहा बशींत कीं कपांत, कोणत्या गाण्यानें मन शांत होतें, कशाची धास्ती वाटते. सोबत वापरलेली गोधडी द्यावी, नवी नव्हे. पहिले पंधरा दिवस रडारड होते. त्या काळांत भेटीस येऊं नका असें सांगणारीं घरें आहेत, पण मला तें पटत नाहीं. थोडा वेळ कां होईना, जावें. अक्का मला एखाद्या दिवशीं भाऊ म्हणून ओळखते, एखाद्या दिवशीं शाळेचा शिपाई समजून घंटा द्यावयास सांगते. दोन्ही वेळां बसावयास खुर्ची मात्र देते. निरोप घेण्यास जेवणाची वेळ बरी, पान वाढलें कीं लक्ष तिकडे जातें. भेटीचा वार व वेळ दर खेपेस बदलावी, आणि महिन्यांतून एकदां तरी दिवेलागणीला, आगाऊ न कळवितां जावें.