मातीतलं औषध, रक्तातली जाळी

जूनचा पहिला पाऊस पडून गेला होता आणि पनवेलच्या वडाळे तलावाच्या काठाने मी मामांबरोबर सावकाश चालत होते. मार्चमध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून त्यांच्या खिशात एक कार्ड असतं. त्यावर स्टेंटचा नंबर आणि दोन आकडे आहेत : ३ आणि १८. तीन मिलिमीटर रुंद, अठरा मिलिमीटर लांब. बाकावर टेकल्यावर त्यांनी ते कार्ड माझ्या हातात दिलं आणि तीन महिने मनात धरून ठेवलेला प्रश्न विचारला, "स्प्रिंग बसवली खरी. पण परत बंद नाही ना होणार गं?"

हाच प्रश्न डॉक्टरांनाही वर्षानुवर्षं छळत होता. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिचमध्ये आंद्रेयास ग्रुएंत्सिग यांनी जाग्या असलेल्या माणसाच्या हृदयाची रक्तवाहिनी पहिल्यांदा फुग्याने उघडली, म्हणजेच अँजिओप्लास्टी केली. सुरुवातीचे फुगे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तयार केले होते. त्या पहिल्या रुग्णाची वाहिनी पुढे कित्येक वर्षं मोकळी राहिली. पण सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. साधारण दर तिसऱ्या रुग्णाची वाहिनी सहा महिन्यांच्या आत पुन्हा अरुंद व्हायची.

का, हे कळलं तेव्हा मी थक्क झाले. आपल्याला वाटतं, चरबी पुन्हा साचत असेल. या पहिल्या काही महिन्यांत अडचण बहुधा चरबीची नसतेच. शरीर जखम भरत असतं! फुग्याच्या दाबाने वाहिनीचं आतलं नाजूक अस्तर फाटतं. त्याखाली स्नायूंच्या पेशींचा थर असतो. एरवी शांत असलेल्या या पेशी जाग्या होतात, आतल्या बाजूला सरकतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात आणि भोवती चिवट धागे विणत जातात. कुणाकुणाच्या अंगावर लहानशा जखमेचाही जाड वण उठतो, तसाच वण इथे वाहिनीच्या आत उठतो. हातावरच्या वणाने काही बिघडत नाही. तीन मिलिमीटरच्या नळीत मात्र अर्ध्या मिलिमीटरचा वण चहूबाजूंनी उठला, तर वाट दोनच मिलिमीटर उरते. आणि दोन मिलिमीटर म्हणजे रक्ताला जायची जागा निम्म्याहूनही कमी.

१९८६ साली फ्रान्समधल्या तुलूझमध्ये जाक प्युएल यांनी माणसाच्या हृदयात पहिली धातूची जाळी, म्हणजेच स्टेंट, बसवली. वाहिनी पुन्हा आकसून बसण्याचं संकट त्यामुळे टळलं. वण मात्र थांबला नाही. मांडवाच्या काठ्यांमधून वेल वर यावा तशा पेशी जाळीच्या तारांमधून आत वाढत राहिल्या. धातूची साधी स्टेंट असलेल्या दर चार-पाच जणांपैकी एकाला पुन्हा त्रास होई. वाहिनीच्या आत किरणोत्सर्ग देण्यापर्यंत प्रयत्न झाले.

यावरचं उत्तर पृथ्वीच्या एका कोपऱ्यात, मातीत होतं. डिसेंबर १९६४ मध्ये कॅनडाचं एक वैद्यकीय पथक पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर उतरलं. रापा नुई हे त्या बेटाचं स्थानिक नाव. लोक अनवाणी हिंडतात आणि तरी धनुर्वात होत नाही, याचं पथकातल्या एका जंतुशास्त्रज्ञाला कोडं पडलं होतं, म्हणून त्याने जागोजागची माती गोळा केली. ती माती पुढे माँट्रियलच्या आयर्स्ट प्रयोगशाळेत पोचली. तिथे बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले सुरेंद्रनाथ सेहगल काम करत होते. १९७२ मध्ये त्यांच्या चमूने त्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून एक रेणू वेगळा केला आणि बेटाच्या नावावरून त्याला नाव दिलं, रापामायसिन. आज डॉक्टर त्यालाच सिरोलिमस म्हणतात.

१९८३ मध्ये माँट्रियलची ती प्रयोगशाळा बंद झाली आणि या औषधावरचं काम थांबलं. सेहगलांनी त्या जिवाणूचा साठा घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला आणि अमेरिकेत बदली झाल्यावर तो सोबत नेला. एका माणसाचा आपल्या कामावरचा विश्वास एका फ्रीजरमध्ये तग धरून राहिला, हे वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. १९९९ मध्ये मूत्रपिंड रोपणाच्या रुग्णांसाठी त्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ब्राझीलच्या साओ पावलोमध्ये एदुआर्दो सूझा यांनी तेच औषध लावलेली स्टेंट माणसाच्या हृदयात पहिल्यांदा बसवली.

या औषधाचं मला सर्वांत नवल वाटतं ते असं, की ते पेशीला मारत नाही. प्रत्येक पेशीत एक प्रथिन असतं. अन्न पुरेसं आहे, आता वाढायला हरकत नाही, असा निरोप ते देतं. सिरोलिमस हा निरोपच अडवतं. विभागणीच्या उंबरठ्यावर आलेली पेशी तिथेच थबकते. त्या प्रथिनाचा शोधच या औषधामुळे लागला, म्हणून त्याचं नावही 'रापामायसिनचं लक्ष्य' अशा अर्थाचं आहे.

आता मामांच्या स्टेंटकडे जवळून पाहू. तिची एकेक तार आपल्या केसाच्या जाडीच्या आसपास. त्या तारेवर काही हजारांश मिलिमीटरचा लेप, आणि त्या लेपात औषध. मिटलेली जाळी मनगटातून किंवा जांघेतून हृदयापर्यंत नेतात आणि गाडीच्या टायरमधल्या हवेच्या पाच-सहा पट दाबाने उघडून भिंतीला चिकटवतात. मग लेपातून औषध कणाकणाने झिरपतं, साधारण तीन महिने. वण उठण्याचा जोर ज्या काळात असतो, नेमका तेवढाच काळ.

२००२ साली राव्हेल नावाच्या अभ्यासात २३८ रुग्णांची तुलना झाली. सहा महिन्यांनी साध्या स्टेंटच्या गटात २६.६ टक्के रुग्णांची वाहिनी पुन्हा अरुंद झाली होती. सिरोलिमसच्या गटात एकाचीही नाही. रोजच्या व्यवहारात, गुंतागुंतीच्या रुग्णांत हा आकडा शून्य राहिला नाही, पण पूर्वीच्या मानाने तो खूपच खाली आला.

मामा हे ऐकत होते आणि तलावावरून वारा आला, ओल्या मातीच्या वासाचा. मला एकदम आठवलं आणि मी त्यांना सांगितलं : हा मृद्गंध ज्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, ते मातीत तयार करणाऱ्यांत स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू मुख्य आहेत. म्हणजे तुमच्या छातीतलं औषध ज्या कुळातून आलं, त्याच कुळाचा हा वास. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांनी हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं, तेही याच कुळातल्या जिवाणूपासून. त्या जिवाणूला नावच दिलं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. मामांनी तो वास पुन्हा एकदा छातीभरून घेतला.

या औषधाची एक दुसरी बाजूही आहे आणि ती घरोघरी नीट समजायला हवी, असं मला कळकळीने वाटतं. सिरोलिमस वणाच्या पेशींना थांबवतं, तसं वाहिनीचं नवं अस्तर धरायलाही उशीर लावतं. तोवर उघड्या तारेवर रक्ताची गाठ धरू शकते. हळूहळू अरुंद होणाऱ्या वाहिनीत चढणीवर धाप, छातीत दडपण अशी आधी सूचना बहुधा मिळते. गाठ मात्र मिनिटांत झटका आणते. २००६ मध्ये बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत उशिरा होणाऱ्या या गाठींची चर्चा झाली आणि जगभर चिंता पसरली. त्यानंतर तारा पातळ झाल्या, लेप सुधारले. सुरतेत बनलेल्या, ६० मायक्रॉन जाडीच्या तारांच्या स्टेंटची तुलना परदेशातल्या नामांकित स्टेंटशी झाली आणि ती तिच्या बरोबरीची ठरली. ते निष्कर्ष २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. तरीही रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या सहा महिने, झटका येऊन गेला असेल तर सहसा वर्षभर घ्याव्या लागतात, आणि नेमका काळ डॉक्टरच ठरवतात. दात काढायचाय म्हणून, गावी जायचंय म्हणून, बरं वाटतंय म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

वाहिनी पुन्हा अरुंद होण्यात स्टेंट नीट न उघडण्याचाही मोठा हात असतो. म्हणून आता काही ठिकाणी केसाहून बारीक तपशील दाखवणाऱ्या प्रकाशकिरणांनी वाहिनी आतून पाहतात. मधुमेह असेल तर वण जास्त उठतो, म्हणून साखर ताब्यात हवी. आणि वर्षं उलटली की तीच जुनी चरबी स्टेंटच्या आतही धरू लागते. तिथे तंबाखू सोडणं आणि कोलेस्टेरॉलची गोळी कामाला येतात.

आणि खर्चाचं म्हणाल, तर फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने औषधाच्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. त्याआधी लाखाच्या वर मोजणारी घरं आपल्या ओळखीत होती.

"मार्च, एप्रिल, मे," मामांनी बोटं मोजली. "म्हणजे माझ्या स्प्रिंगमधलं औषध आता संपत आलं?"

"जवळजवळ."

"आणि गोळी?"

"ती चालूच."

"नऊचा गजर लावलाय," म्हणत त्यांनी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, कारण पुन्हा थेंब पडायला लागले होते.