अल्प खर्चात सुरी घडविणे

सुरीची योग्यता हत्यारांच्या किमतीवर नव्हे, तर पोलादावर व त्याला दिलेल्या पाण्यावर अवलंबून असते. नेपाळातील लोहार मालमोटारींच्या मोडीत निघालेल्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून खुकरी घडवितात, ते यामुळेच. या पाट्यात कार्बनचे प्रमाण शेकडा ०.६ च्या आसपास असते. खिडक्यांच्या गजांच्या मऊ पोलादात ते जेमतेम ०.२ असते, त्याला कितीही पाणी दिले तरी धार टिकत नाही. नवशिक्याचे श्रम बहुधा येथेच वाया जातात.

पाट्याचा तुकडा लाल तापवून राखेत पुरावा व रात्रभर निवू द्यावा, म्हणजे तो कानशीने घासता येतो. मग ऐरणीवाचूनही आकार साधतो. धार मात्र आधी पुरी काढू नये. पातळ कड पुढे तडकते.

पाणी देणे हा या विद्येचा गाभा होय. कोळशाच्या भट्टीत सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादास लोहचुंबक चिकटेनासा होतो. गरिबाचा तापमापकच तो. त्याहून किंचित अधिक तापवून पाते कोमट तेलात बुडवावे. (नाव ‘पाणी’ असले, तरी साध्या पाण्यात हे पोलाद तडकण्याची भीती असते.) तेल पेट घेऊ शकते, म्हणून भांडे धातूचे असावे व झाकण हाताशी ठेवावे. पात्यावरून कानस घसरू लागली, की ते कठीण झाले असे समजावे.

असे पाते काचेसारखे ठिसूळ असते. हातून पडले तरी मोडते. म्हणून ते लगेच घासून उजळावे व सुमारे २०० अंशांवर दोन तास शेकावे. पृष्ठभागावर गवतासारखा फिकट पिवळा रंग उमटला, की काम झाले. रंग निळ्यावर गेला, तर धार मऊ पडते.